खापरीवरील नाव : एका इंग्रजी क्रियापदाची हकीकत

गेल्या सहामाहीत नववीच्या वर्गात इंग्रजीचा पाठ चालू असता एक अपरिचित क्रियापद पुढे आले. ते म्हणजे ‘ऑस्ट्रसाइझ’. वर्गातील बहुतेकांनी ते पूर्वी कधी ऐकले नव्हते. शब्दकोश उघडून पाहता ‘समाजातून वगळणे, वाळीत टाकणे’ असा अर्थ मिळाला. आणि त्याच नोंदीच्या शेवटी, ग्रीक भाषेतील ‘खापरी’ या अर्थाच्या शब्दापासून हा शब्द झाला, असे लिहिलेले आढळले. तेव्हा एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “सर, खापरीचा आणि वाळीत टाकण्याचा काय संबंध?” प्रश्न रास्त होता, परंतु इतक्यात तासाची घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. पुढे काही दिवसांनी त्याच विद्यार्थ्याने याच शब्दाविषयी आणखी एक प्रश्न विचारला. तो पहिल्याहून अवघड होता. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सावकाश द्यावीत, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनी तो वाचावाच; पण त्यांच्या आईवडिलांनीही एकवार नजरेखालून घालावा, अशी आमची विनंती आहे.

शब्दाचे लेखन

प्रथम स्पेलिंग पाहू. या क्रियापदात नऊ अक्षरे आहेत : ओ, एस, टी, आर, ए, सी, आय, झेड, ई. उच्चारात जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘ऑस्’ यावर पडतो. हा शब्द लिहिताना विद्यार्थी बहुधा दोन ठिकाणी चुकतात.

पहिली चूक मधल्या ‘सी’ची. कानाला ‘स’ ऐकू येतो, म्हणून हात ‘एस’ लिहून जातो. येथे ‘सी’ का आला हे समजले की चूक पुन्हा होणार नाही. मूळ ग्रीक शब्द ‘ऑस्ट्राकॉन’ असा आहे व त्यात ‘क’चा उच्चार आहे. रोमन लोक ग्रीक ‘क’ आपल्या ‘सी’ या अक्षराने लिहीत. पुढे इंग्रजीत असा प्रघात पडला की, ‘सी’नंतर ‘ई’, ‘आय’ अथवा ‘वाय’ आला तर त्याचा उच्चार ‘स’ करावा. म्हणून मुळातला ‘क’ कानाला ‘स’ झाला, पण कागदावर ‘सी’च राहिला. तुमच्या नित्य परिचयातील एक जोडी पाहा : ‘क्रिटिक’ म्हणजे टीकाकार, आणि ‘क्रिटिसाइझ’ म्हणजे टीका करणे. पहिल्या शब्दात जो ‘सी’ ‘क’ म्हणतो, तोच दुसऱ्यात ‘स’ म्हणतो. ही जोडी ध्यानात ठेवली म्हणजे आपला शब्दही ध्यानात राहील.

दुसरी अडचण शेवटची : ‘झेड’ लिहावा की ‘एस’? हा प्रत्यय ग्रीक भाषेतून लॅटिनमध्ये व लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आला. ग्रीक व लॅटिनमध्ये त्यात ‘झेड’ होता. फ्रेंचांनी ‘एस’ केला. अमेरिकेत ‘झेड’ लिहितात; ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाचा कलही ‘झेड’कडेच आहे; परंतु इंग्लंडातील वर्तमानपत्रांत ‘एस’ अधिक दिसतो. दोन्ही शुद्ध आहेत. मात्र एकाच निबंधात एकदा हे व एकदा ते असे करू नये. येथे आणखी एक इशारा. ‘ॲडव्हर्टाइझ’, ‘ॲडव्हाइझ’, ‘सरप्राइझ’ व ‘एक्सरसाइझ’ या शब्दांचा शेवट ग्रीक प्रत्ययाचा नव्हे. तेथे सर्वकाळ ‘एस’च लिहावयाचा.

या क्रियापदाचे नाम ‘ऑस्ट्रसिझम’ असे होते; त्यातही ‘सी’ कायम राहतो. शहामृग या अर्थाचा ‘ऑस्ट्रिच’ हा शब्द दिसण्यात सारखा असला तरी त्याचा याच्याशी कसलाही संबंध नाही. तो वेगळ्या ग्रीक शब्दापासून लॅटिनद्वारे आलेला आहे.

शब्दाचा उगम

‘ऑस्ट्राकॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ कठीण कवच, शिंपला, आणि त्यावरून भाजलेल्या मातीचा तुकडा, म्हणजे आपली खापरी. कालवाला इंग्रजीत ‘ऑइस्टर’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला. हाडाला ग्रीक लोक ‘ऑस्टेऑन’ म्हणत. तोही याचाच आप्त. आणि आपला संस्कृत ‘अस्थि’ हा शब्द त्या ‘ऑस्टेऑन’चा सगोत्र आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कठीण आणि टणक अशा वस्तूची कल्पना या सर्वांच्या मुळाशी आहे. एका परक्या वाटणाऱ्या शब्दाचे नाते असे आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचते.

आता खापरीवरून वाळीत टाकण्याकडे जाऊ. त्यासाठी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्स नगरात गेले पाहिजे. तेथे पिसिस्ट्राटस व त्याचे पुत्र यांनी बरीच वर्षे हुकूमशाही चालविली. इ. स. पू. ५१० मध्ये ती मोडली आणि नंतर दोनएक वर्षांनी क्लायस्थेनीज याने राज्यव्यवस्थेची नवी घडी बसविली. पुन्हा कोणी एक मनुष्य इतका प्रबळ होऊ नये की तो सर्वांना वरचढ होईल, या हेतूने एक विलक्षण कायदा तेथे झाला. परंपरेने तोही क्लायस्थेनीजच्याच नावावर सांगितला जातो.

त्याची रीत अशी होती. दरवर्षी लोकसभेला विचारीत की, यंदा कोणास दूर करावयाचे आहे काय? होय असे ठरले तर सुमारे दोन महिन्यांनी बाजारचौकाला कुंपण घालून तेथे मतदान होई. त्या काळी लिहिण्याचा पपायरस इजिप्तमधून आणावा लागे व तो महाग असे; फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या मात्र पैसा न देता गल्लोगल्ली मिळत. प्रत्येक नागरिकाने एक खापरी घ्यावी, जो मनुष्य नगरात नको त्याचे नाव तीवर कोरावे आणि ती टाकून द्यावी. प्लूटार्कच्या सांगण्याप्रमाणे एकूण ६००० खापऱ्या जमल्या तरच मतदान ग्राह्य धरीत. ज्याचे नाव सर्वांत अधिक निघे, त्याने दहा दिवसांच्या आत नगर सोडावे व दहा वर्षे परत येऊ नये. खापरीवर नाव कोरण्याच्या या क्रियेलाच ग्रीकांनी ‘ऑस्ट्राकॉन’पासून एक क्रियापद बनविले, आणि तेच आपले आजचे क्रियापद होय.

या कायद्यात काही चांगले होते, हे कबूल केले पाहिजे. रक्त सांडत नसे. घालविलेल्या मनुष्याची मालमत्ता त्याचीच राही. नागरिकत्वही जात नसे. आणि शिक्षेला मुदत होती. परंतु त्यात मोठे वैगुण्यही होते. त्या मनुष्यावर आरोप ठेवला जात नसे, पुरावा मागितला जात नसे, आणि आपल्या बाजूने बोलण्याची संधी त्याला मिळत नसे. काय चुकले हे सांगण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

खापऱ्या काय सांगतात

या पद्धतीने प्रथम इ. स. पू. ४८७ मध्ये हिप्पार्कस नावाच्या गृहस्थाला बाहेर जावे लागले. इ. स. पू. ४८२ मध्ये अरिस्टायडीज याची पाळी आली. तो इतका सचोटीचा होता की लोक त्याला ‘न्यायी’ या उपपदाने ओळखीत. प्लूटार्कने त्याची एक गोष्ट दिली आहे. मतदानाच्या दिवशी एक निरक्षर खेडूत, अरिस्टायडीजला न ओळखता, त्याच्याच हाती खापरी देऊन त्यावर अरिस्टायडीजचे नाव लिहून मागू लागला. त्या मनुष्याने तुझे काही वाईट केले आहे काय, असे विचारता तो म्हणाला की, छे, मी त्याला ओळखतही नाही. पण जिकडे तिकडे न्यायी न्यायी म्हणून त्याची वाखाणणी ऐकून कान किटले. अरिस्टायडीजने एक अक्षरही न बोलता आपले नाव लिहून खापरी परत दिली. पुढे दोनच वर्षांनी, इ. स. पू. ४८० मध्ये, इराणचा सम्राट झर्क्सीज प्रचंड सैन्यासह चालून आला, तेव्हा अथेन्सला बाहेर घालविलेल्या लोकांना मुदतीपूर्वीच परत बोलवावे लागले. अरिस्टायडीज आला, सॅलॅमिसच्या युद्धात लढला, आणि पुढच्या वर्षी प्लॅटीआच्या रणांगणावर अथेन्सच्या सैन्याचे नेतृत्व त्यानेच केले.

ही झाली ग्रंथातील गोष्ट. पण जमिनीनेही आपली साक्ष जपून ठेवली आहे. १९३७ साली ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका जुन्या विहिरीत सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. त्यांवर थेमिस्टोक्लीज याचे नाव होते. संशोधकांनी हस्ताक्षरे ताडून पाहिली, तेव्हा ती सर्व नावे अवघ्या चौदाएक व्यक्तींनी लिहिलेली आढळली. याचा अर्थ उघड आहे. थोडक्या मंडळींनी खापऱ्या आधीच लिहून ठेवल्या होत्या, आणि त्या इतरांच्या हाती देण्याचा त्यांचा बेत असावा. थेमिस्टोक्लीज हा सॅलॅमिसच्या विजयाचा शिल्पकार; तरी कालांतराने त्यालाही नगर सोडावे लागले. पुढे १९६० नंतरच्या दशकात केरामेइकॉस या कुंभारवाड्यात हजारो खापऱ्या मिळाल्या. त्यांतील पुष्कळशा मेगाक्लीज नामक एका धनिकाविरुद्ध आहेत, आणि एखाद्या खापरीवर तो घोडे पाळतो, एवढाच त्याचा गुन्हा नोंदलेला आहे.

या पद्धतीचा शेवटही बोधप्रद आहे. इ. स. पू. ४१७ च्या सुमारास निकियास व अल्किबायडीज या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाला जावे लागणार, असा रंग दिसू लागला. तेव्हा दोघांच्या पक्षांनी आतून हातमिळवणी केली व हायपरबोलस या तिसऱ्याच मनुष्याच्या नावाच्या खापऱ्या टाकल्या. त्यानंतर अथेन्सच्या लोकांनी ही रीतच सोडून दिली.

इंग्रजीत प्रवेश व आजचा अर्थ

प्लूटार्कच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर सर थॉमस नॉर्थ याने फ्रेंचवरून केले व ते १५७९ साली प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथांतून ही ग्रीक प्रथा इंग्रजी वाचकांस ठाऊक झाली, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास हे क्रियापद इंग्रजी लेखनात दिसू लागले. कालांतराने त्याच्या अर्थाला वळण मिळाले. आज या शब्दाने नगरातून घालवून देणे असा अर्थ निघत नाही. मनुष्य आपल्याच गावात, आपल्याच कचेरीत, आपल्याच वर्गात असतो. परंतु इतरांनी त्याच्याशी बोलणे, बसणेउठणे बंद केलेले असते. अथेन्समध्ये कायदा होता, दिवस ठरलेला होता, मुदत होती. आजच्या अर्थात यांपैकी काहीच राहिलेले नाही.

याच्या शेजारचे शब्दही वेगळे ओळखता आले पाहिजेत. ‘बॅनिश’ म्हणजे सत्तेने हद्दपार करणे. ‘एक्स्पेल’ म्हणजे शाळेतून अथवा संस्थेतून काढून टाकणे. ‘एक्सकम्युनिकेट’ म्हणजे धर्मसंस्थेने बहिष्कृत करणे. ‘बॉयकॉट’ हा तर एका मनुष्याच्या आडनावावरून आला. आयर्लंडातील मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार थांबविले, आणि त्याचे आडनाव क्रियापद होऊन बसले. बॉयकॉट बहुधा काही मागणी पुढे ठेवून होतो व मागणी मान्य झाली की संपतो. ऑस्ट्रसिझमला मागणी नसते.

व्याकरणदृष्ट्या हे क्रियापद सकर्मक आहे व त्याचे कर्म बहुधा मनुष्य असते. कर्ता मात्र प्रायः समूहवाचक असतो : गाव, जात, वर्ग, संघ. आणि हे क्रियापद कर्मणि प्रयोगात फार आढळते, ही गोष्ट विशेष लक्षात घ्या. मराठीतही आपण ‘त्याला वाळीत टाकण्यात आले’ असेच म्हणतो. या वाक्यात टाकणारा कोण ते कोठेच दिसत नाही.

आपल्याकडील साक्ष

हा शब्द ग्रीकांचा असला तरी ही क्रिया आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. वाळीत टाकणे, बहिष्कार घालणे, पंक्तीबाहेर ठेवणे, रोटीबेटी बंद करणे, असे कितीतरी प्रयोग मराठीत आहेत. जातीबाहेर टाकण्याच्या तंट्याला ‘ग्रामण्य’ असा स्वतंत्र शब्दच होता. श्रीज्ञानेश्वरांच्या मातापित्यांस व भावंडांस आळंदीत समाजाने दूर लोटले, ही परंपरा घरोघर सांगितली जाते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचे निमित्त होऊन न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांसारख्यांवरही ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका पेला चहाने एवढे वादळ उठावे, याचे आज नवल वाटेल.

थोरामोठ्यांवर हा प्रसंग एखादे वेळी आला. परंतु ज्या समाजांना जन्मापासूनच बाहेर ठेवले गेले, त्यांचे दुःख निराळेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी शाळेत इतर मुलांपासून वेगळे, आपल्या गोणपाटावर बसावे लागे. त्यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या सभेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ मध्ये काढलेल्या पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’ असे ठेवले. ‘बहिष्कृत’ हे कर्मणि रूप. पण बहिष्कार घालणारे कोण, हा प्रश्न त्यांनी साऱ्या देशाला उघडपणे विचारला.

जातपंचायतींचे बहिष्कार पुढेही चालूच राहिले. म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व तो २०१७ मध्ये अमलात आला. त्यानुसार असा बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ज्या कृत्यासाठी अथेन्समध्ये कायद्याने चौक आखून दिला होता, ते कृत्य आपल्या राज्यात कायद्याने अपराध ठरले आहे.

दुसरा प्रश्न

आता त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हे सर्व आम्ही वर्गात सांगून संपविल्यावर तो पुन्हा उभा राहिला व म्हणाला, “सर, हे क्रियापद एकट्याला करता येते का?” आम्ही व्याकरणाच्या ओघात उत्तर दिले, “नाही. एकटा मनुष्य दुसऱ्याशी अबोला धरील, तर तो अबोलाच. याला पुष्कळ जण लागतात.” तो मुलगा “बरं सर” म्हणून खाली बसला. त्या वेळी आमचे लक्ष प्रथमच त्याच्या बाकाकडे गेले. तीन मुलांच्या बाकावर तो एकटाच बसला होता.

नंतर चौकशी करता कळले की, तीन आठवड्यांपासून वर्गातील मुले त्याच्याशी बोलत नव्हती. कारण विचारले तर प्रत्येकाने निराळे सांगितले. एक म्हणाला, त्याने वही दिली नाही; दुसरा म्हणाला, तो फार पुढे पुढे करतो; बहुतेकांना कारणच ठाऊक नव्हते. मात्र एक वाक्य सर्वांच्या तोंडी होते : “सर, मी काही केलं नाही.” त्या मुलांनी आम्हांस खोटे सांगितले, असे आम्ही म्हणणार नाही. कोणी त्याला मारले नव्हते, कोणी शिवी दिली नव्हती. प्रत्येकाने एकेकच खापरी टाकली होती, आणि एक खापरी हाताला फार हलकी लागते. परंतु ज्याच्यावर त्या सर्व पडतात, त्याला त्यांचे वजन कळते. तीन आठवडे आम्हीही त्याच वर्गात शिकवीत होतो आणि आम्हांस काहीच दिसले नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आम्ही वर्गाला शिक्षा केली नाही. ज्या कारणासाठी बोलणे बंद केले ते कारण त्या मुलाच्या समक्ष सांगावे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढेच सांगितले. कारण अरिस्टायडीजला जी संधी मिळाली नाही, ती आमच्या वर्गात मिळावी अशी आमची इच्छा होती. कोणीच उठले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा आपले दप्तर उचलून त्या बाकावर जाऊन बसला व गणिताचे एक उदाहरण कसे सोडवावे ते त्याला विचारू लागला. त्या आठवड्याअखेर बाकावरची तिसरी जागाही भरली.

विद्यार्थ्यांनो, हा शब्द परीक्षेत आला तर ‘सी’ आणि ‘झेड’ विसरू नका. पण वर्गात कोणाशी न बोलण्याचे ठरेल, तेव्हा दोन गोष्टी स्वतःस विचारा : याने काय केले हे मला स्वतःला ठाऊक आहे काय? आणि त्याला ते बोलून दाखविण्याची संधी आम्ही दिली आहे काय? उत्तर नाही असेल, तर हातातली खापरी खाली ठेवा. आणि पालकहो, “त्याच्याशी बोलू नकोस” हे वाक्य घरात सहज बोलले जाते व ते दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन पोहोचते. ते उच्चारण्यापूर्वी त्या परक्या मुलाच्या आईवडिलांच्या जागी स्वतःस क्षणभर ठेवून पाहावे. आपले मूल घरी येऊन दप्तर ठेवता ठेवता गप्प झाले, तर त्याचेही कारण मायेने विचारावे.

अभ्यास

पुढील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा. प्रत्येकात वरील क्रियापद योजावे आणि शक्य तेथे कर्ता स्पष्ट लिहावा.

१. अथेन्सच्या नागरिकांनी अरिस्टायडीजला दहा वर्षांसाठी बाहेर घालविले.
२. सत्य सांगितल्याबद्दल गावाने त्या कुटुंबाला वाळीत टाकले.
३. कोणाचे म्हणणे ऐकून न घेता त्यास वाळीत टाकू नये.
४. आम्ही त्याला वाळीत टाकले होते. आता तो आमच्या बाकावर बसतो.